कर्मचारी सात

संशय हा विषय आमच्या अभ्यासक्रमात नव्हता. असता तर मला पैकीच्या पैकी मिळाले असते. आई सांगते, लहानपणी मी दूध पिण्याआधी पेला उचलून त्याचा तळ बघायचे. परिसंस्था आणि संवर्धन शिकायला मी विद्यापीठात गेले तेव्हा बाबा म्हणाले होते, "बरं झालं, ओवी. जनावरं खोटं बोलत नाहीत. तुझं त्यांच्याशी जमेल."

बाबा म्हणजे महेंद्र मांडवकर. वन्यप्राण्यांच्या शुश्रूषा केंद्रात प्राण्यांची देखभाल करतात. विहिरीत पडलेला बिबट्या, तारेत अडकलेलं घुबड, शिकाऱ्याच्या पोत्यातून सोडवलेलं खवले मांजर, अशी सगळी मंडळी त्यांच्या हातचं खाऊन बरी होतात. माझ्या शिक्षणाची सुरुवात तिथेच झाली असं बाबा सगळ्यांना सांगतात. मला तिथला फक्त वास आठवतो.

आमच्या अभ्यासक्रमात एक वर्ष प्रत्यक्ष कामावर जावं लागतं. प्लेसमेंट. कुणाला समुद्रकासवं मिळाली, कुणाला खारफुटी. मला मिळालं निवखोल. वर कातळाचा सपाट सडा, त्याच्या काठाला सोमजाई देवीची राई, खाली पंचवीस-तीस घरांचं गाव. गावातली शाळा मुलांअभावी बंद पडली होती, तिच्या दोन खोल्यांत आमचा तळ. आमचा म्हणजे माझा आणि डॉ. निर्मला आंबेरकरांचा. मॅडम साठीला टेकलेल्या. ठसे, विष्ठा आणि झाडावरचे ओरखडे बघत ज्यांची हयात गेली, त्या पिढीतल्या.

सड्यावर तलाव होणार होता. दिवसा सूर्याच्या स्वस्त विजेनं खालचं पाणी वर चढवायचं, आणि अंधार पडला की तेच पाणी खाली सोडून वीज काढायची. उदंचन प्रकल्प म्हणतात त्याला. देशाला वीज हवीच होती, त्याबद्दल माझं भांडण नव्हतं. पण तलावाच्या नकाशात सोमजाईची अख्खी राई पाण्याखाली होती. ती राहणार की जाणार, हे ठरवायला आम्हाला तिथे बसवलं होतं. खरं तर आम्हाला नव्हे, नाकाला.

नाक हे आमच्या यंत्राचं लाडकं नाव. राईच्या काठाला बसवलेला पिंपाएवढा पांढरा डबा. तो चोवीस तास हवा ओढतो आणि बारीक जाळीच्या गाळणीतून गाळतो. गाळणीची पट्टी रोज थोडी पुढे सरकते, म्हणून कुठला कण कुठल्या दिवशी आला तेही कळतं. कुठलाही सजीव सतत झडत असतो. त्वचेचा कोंडा, केस, पिसांचा भुगा, वाळलेल्या विष्ठेची धूळ, श्वासातले तुषार. प्रत्येक कणात त्या जीवाचा डीएनए असतो. गाळणीवर बसलेले हे कण वाचायचे, जगभरच्या संग्रहाशी ताडून बघायचे, की राईत कोण राहतं त्याची हजेरी तयार. पूर्वी एका जंगलाची पाहणी करायला माणसं वर्षानुवर्षं घालवत. नाक हेच काम महिन्याभरात करतं. म्हणून सरकारनं कायदाच केला: जमीन घेण्याआधी हवा वाचा. कायद्यात सर्वांत वरच्या रांगेत असलेला प्राणी तीन वेगवेगळ्या महिन्यांच्या गाळण्यांत सापडला, तर जमिनीला हात लावायचा नाही.

यंत्र जितकं तल्लख, तितकं सोवळं. आपल्या कपड्यांवरून कुठलाही कण आत जाऊ नये म्हणून राईत भटकायचं नाही. कॅमेरे लावायचे नाहीत. आणि गावकऱ्यांना प्राण्यांविषयी काही विचारायचं नाही, कारण त्यानं आपलं मत आधीच बनतं आणि अहवाल वाकडा होतो. शेवटचा नियम मला फार आवडला होता. माणसांना विचारून खरं कळतं यावर माझा विश्वास कधी नव्हताच.

तिसऱ्या महिन्याची गाळणी वाचून झाली त्या सकाळी मी पडद्यावर नाव बघितलं आणि ओरडले, "मॅडम! परत खवले मांजर!"

मॅडम चहा गाळत होत्या. "हं," म्हणाल्या.

या तालुक्यात वीसेक वर्षांत कुणी खवले मांजर पाहिलं नव्हतं. पाठीवर खवल्यांचं चिलखत, लांब जीभ, वारुळं उकरून मुंग्या खाणारा, कायद्याच्या सर्वांत वरच्या रांगेतला हा लाजरा प्राणी शिकाऱ्यांनी केव्हाच संपवला, असं पुस्तकात लिहिलं होतं. ते पुस्तक मॅडमनी स्वतः लिहिलं होतं. आपलंच म्हणणं खोटं ठरलं की माणूस उडी तरी मारतो, नाहीतर चिडतो. मॅडमनी चहात साखर घातली.

तेव्हापासून मी त्यांच्यावर लक्ष ठेवायला लागले. मॅडम तरुणपणी धरणाविरुद्धच्या मोर्च्यांत होत्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. रोज सकाळी त्या एक छोटी डबी घेऊन शाळेमागे जात, एकट्याच, आणि बऱ्याच वेळानं परत येत. मी खिडकीतून बघितलं तर त्यांच्या बोटाला काळी पूड होती. माझी चाहूल लागताच त्यांनी डबी पदराआड केली. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. औषध म्हणून लोक खवले भाजून त्याची पूड करतात, हे मला बाबांमुळे माहीत होतं. पकडलेल्या शिकाऱ्यांकडे तसल्या पुड्या सापडत. अशी चिमूटभर पूड नाकासमोर उडवली की काम झालं. राई वाचवायला मॅडम खोटी हजेरी लावत होत्या!

राई वाचावी असं मलाही वाटत होतं. पण खोट्यानं वाचवलेली राई उद्या खऱ्या राया बुडवेल. एकदा नाकाला फसवता येतं हे कळलं, की कुठल्याच हजेरीवर कुणी विश्वास ठेवणार नाही. दोन दिवसांनी मी विद्यापीठाला तक्रार पाठवली.

आठवड्याच्या आत मॅडमना परत बोलावणं आलं. जीपमध्ये बसताना त्यांनी मला विचारलंसुद्धा नाही की हे कोणी केलं. एवढंच म्हणाल्या, "गाळणी बदलताना हातमोजे घाल. तू विसरतेस."

दुसऱ्या दिवशी प्रकल्पाचे अधिकारी कामेरकर आले, पेढे घेऊन. "तुमच्यासारखी सडेतोड मुलं हवीत," म्हणाले. तक्रार गोपनीय होती. त्यांना कशी कळली? मी पेढा तसाच कागदात गुंडाळून ठेवला. म्हणजे आता मॅडमवर माझा संशय होता, कामेरकरांवर होता, आणि थोडा माझ्यावरही होता. जनसुनावणी तोंडावर आली होती. तिथे हजेरी खोटी ठरली तर राई जाणार, आणि मॅडमचं आयुष्यभराचं नावही. नुसत्या काळ्या पुडीवर मी हे सगळं उभं केलं होतं. मला पक्का पुरावा हवा होता.

तो गाळणीवरच होता. नाक फक्त प्राणी हुंगत नाही. माणूसही झडतोच. पण हवेवरून कोण कुठे गेलं होतं हे कळायला लागलं तर कुणाला सुखानं जगता येणार नाही, म्हणून कायद्यानं माणसांचा भाग वाचायला सक्त मनाई आहे. यंत्र तो वाचण्याआधीच टाकून देतं. गाळणी मात्र वर्षभर बर्फात जपून ठेवतात, पुढेमागे वाद झाला तर असावी म्हणून. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेची किल्ली मला प्लेसमेंटमुळे मिळाली होती. मॅडम नेमक्या कधी नाकापाशी गेल्या, ते मला बघायचं होतं. मी तिन्ही गाळण्या काढल्या आणि माणसं वाचली.

हे बेकायदा होतं, आणि मी ते डोळे उघडे ठेवून केलं.

आमच्या सगळ्यांचे नमुने प्रयोगशाळेत असतात, आमचाच कोंडा हजेरीत मिसळू नये म्हणून. मॅडम कर्मचारी दोन, मी कर्मचारी सात. पडद्यावर मॅडम दिसल्या, पण फक्त गाळणी बदलायच्या दिवसांपुरत्या. मीही तशीच. आणि मग एक तिसरा माणूस. तिन्ही महिन्यांत, दर रविवारी. पुरुष. संगणकानं त्याच्यापुढे लिहिलं होतं: 'कर्मचारी सातचे जनक.'

मी प्रयोग पुन्हा केला. उत्तर तेच. भावंडांचं साम्य कुठे जास्त, कुठे कमी असं असतं. आईबापांचं तसं नसतं. आपल्या डीएनएच्या प्रत्येक पानावरची अर्धी ओळ त्यांची असते, एकही पान सुटत नाही. त्यात चूक होत नाही.

सोमजाईच्या राईत माझे बाबा जात होते. ज्यांच्या केंद्रात खवले मांजरं येतात ते माझे बाबा.

मी घरी गेले तेव्हा आई डाळ निवडत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा रविवारी कुठे असतात गं?"

"भजनाला," आई म्हणाली. थोड्या वेळानं ताट बाजूला ठेवून म्हणाली, "असं ते म्हणतात. येतात तेव्हा पायाला लाल माती असते. देवळात फरशी आहे."

"तू विचारलं नाहीस?"

"विचारलं की माणूस खोटं बोलतो. नाही विचारलं तर निदान गप्प तरी राहतो." ती परत डाळ निवडायला लागली. माझा स्वभाव कुणावर गेलाय ते मला तेव्हा कळलं. आणि एवढी वर्षं ती काय गिळून बसली होती, तेही.

बाबा केंद्रात पिंजऱ्यातली भांडी घासत होते. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. मी तो फुलू दिला नाही.

"बाबा, निवखोलला कशाला जाता?"

"कोण जातंय निवखोलला?"

"तुम्ही. हवेत सापडलात."

त्यांच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. "हवेनं चुगली केली म्हणायची," ते पुटपुटले.

"माझ्यासाठी केलंत ना हे? मुलीची प्लेसमेंट गाजावी म्हणून तिकडे खवले नेऊन टाकता? मी एका निरपराध बाईला घरी बसवलं, बाबा!"

बाबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं. "एवढंच ओळखलंस होय गं बापाला?" ते म्हणाले. मग हात पुसले, स्कूटर काढली आणि म्हणाले, "बस मागे."

राईच्या तोंडाशी बाबांनी चपला काढल्या, मीही काढल्या. त्या राईत पायताण घालून कुणी जात नाही, काटकीसुद्धा बाहेर नेत नाही. देवळाच्या पायरीवर रमाकांत गुरव वाती वळत बसले होते. देवीची पूजा त्यांच्याकडे. रोज शाळेवरून जाताना ते मला दिसत. मी नियमाप्रमाणे नजर चुकवत असे.

"ही तुझी पोर व्हय रे, महेंदर?" ते म्हणाले. "शाळेत ऱ्हाते ती? मान खाली घालून जाते, शब्द बोलत न्हाय."

"आम्हाला तुमच्याशी बोलायला मनाई आहे," मी म्हटलं.

"आमाला न्हाय," गुरव म्हणाले. "पण कुणी इचारल्याबिगर आपण कशाला सांगा?"

मग बाबांनी सांगितलं. तीनेक वर्षांपूर्वी केंद्रात शिकाऱ्याच्या फासकीत सापडलेलं खवले मांजराचं एक मादी पिल्लू आलं होतं. बाबांनी तिला मुंग्यांची अंडी भरवून वाढवली, नाव ठेवलं खपली. ती मोठी झाली आणि वरून हुकूम आला: दूरच्या प्रदर्शन केंद्रात पाठवा. आधी पाठवलेली दोन्ही तिकडे गेल्यावर अन्न सोडून मेली होती. बाबांनी अर्ज केले, विनवण्या केल्या. कुणी ऐकेना. शेवटी त्यांनी खपली कागदावर मारली, आणि पोत्यात घालून इथे आणली.

"गुपचूप सोडलंत?"

"गुपचूप न्हाय," गुरव मध्येच म्हणाले. "देवीला सोडलं. अख्खा गाव होता. म्या गाऱ्हाणं घातलं."

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्यानं केलेली विनवणी. गुरव एकेक मागणं मागतो आणि जमलेला गाव दर मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून त्यावर शिक्का मारतो. देवीला सोडलेलं जनावर पुढे कुणाचं नसतं. त्याला मारायचं नाही, विकायचं नाही, त्याच्याकडे बोट दाखवायचं नाही. ज्या गावात मी तीन महिने कुणालाही न विचारता प्राणी शोधत होते, त्या गावातल्या शेंबड्या पोरालाही तो प्राणी कुठे राहतो ते माहीत होतं.

"आणि तुम्ही दर रविवारी?"

"बघायला येतो. जगतेय का ते." बाबा खजील होऊन म्हणाले. "तुझं मशीन इथे बसल्यावर येणं बंद करायला हवं होतं. नाही जमलं."

तिन्हीसांजेला आम्ही जुन्या वारुळाच्या वरच्या अंगाला दगडामागे बसलो. आधी नखांनी माती खरवडल्याचा आवाज आला. मग करवंदीच्या जाळीतून ती आली, पाठ कमानीसारखी, चाल म्हाताऱ्या बाईसारखी सावकाश. मी इतकी वर्षं तिच्या जातीचा अभ्यास केला होता आणि जिवंत, मोकळं, आपल्या मर्जीनं चालणारं खवले मांजर पहिल्यांदा बघत होते. मला रडू आलं. आणि तेवढ्यात मला तिच्या शेपटीवर काहीतरी दिसलं. पिवळट, मऊ खवल्यांचं, मुठीनं शेपूट धरून बसलेलं एक पिल्लू.

"बाबा," मी कुजबुजले, "पिल्लाचा बाप कोण?"

"मला काय माहीत? मी एकटीलाच सोडलं. गेल्याच्या गेल्या वर्षी."

"केंद्रात नर होता?"

"कधीच नव्हता."

मला हसू फुटलं. बाबांनी माझ्या तोंडावर हात ठेवला.

परत जाऊन मी गाळण्या पुन्हा काढल्या. या वेळी खवले मांजर वाचलं. सर्वेक्षणाला प्राण्याची जात कळली की पुरतं, ती किती जणं आणि कोण कोण, हे कुणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं. गाळणीवर तीन होती. पहिली खपली, केंद्राच्या नोंदीप्रमाणे मेलेली. दुसरं तिचं पिल्लू. पिल्लाच्या प्रत्येक पानावरची अर्धी ओळ खपलीची होती. उरलेली अर्धी, आणि हवेत विरळ सापडलेला तिसरा प्राणी, एकमेकांशी तंतोतंत जुळत होते. सोडवलेल्या प्रत्येक खवले मांजराचा नमुना देशाच्या संग्रहात असतो, तस्करी पकडायला. त्यात हा नर कुठेच नव्हता. म्हणजे तो कुणी आणलेला नव्हता. तो इथलाच होता, पुस्तकानं मेला म्हणून सांगितल्यावरही इथेच राहिलेला. हजेरी खरी होती.

त्याच आकड्यांनी मला बाबा पकडून दिले होते, आणि त्याच आकड्यांनी आता राई सुटत होती. फक्त एक अडचण होती. पिल्लाचा पुरावा मांडायचा तर आई कुठून आली ते सांगावं लागणार. ते सांगितलं तर बाबा सरळ गुन्हेगार. नाही सांगितलं तर राई जाणार आणि मॅडम खोट्या ठरणार.

मी आधी मॅडमच्या घरी गेले. त्या मागच्या अंगणात होत्या, तोंडात बोट घालून, हातात तीच डबी. मला बघून दचकल्या, चूळ भरून आल्या.

"मिश्री," त्या ओशाळून म्हणाल्या. "भाजलेला तंबाखू. आईनं लावलेली सवय. साठ वर्षांची पर्यावरणतज्ज्ञ आणि दात घासायला तंबाखू! विद्यार्थ्यांसमोर लाज वाटते गं."

मी त्यांच्या पाया पडायला वाकले, त्यांनी पडू दिलं नाही. मी सगळं सांगितलं, बाबांसकट.

"माझा राग तक्रारीचा नाही," त्या म्हणाल्या. "शंका आली, तू कळवलंस, बरोबर. पण तू शिकतेस काय? परिसंस्था. मग हजेरीत खवले मांजर दिसल्यावर पहिली चौकशी कुणाची करायची? खवले मांजराची. तू माणसांची केलीस."

"आणि तुम्ही चकित का नाही झालात, मॅडम? तिसऱ्यांदा नाव आलं तेव्हा?"

"कारण पहिल्या महिन्यात गाळणी बदलायला गेले तेव्हाच मी आत जाऊन उकरलेलं वारूळ बघितलं होतं. राईत भटकायचं नाही हा नियम मी मोडला होता. सांगितलं असतं तर हजेरी बाद झाली असती." त्या हसल्या. "आपण दोघीही एकमेकींपासून लपवत बसलो. आता सुनावणीत काय बोलायचं ते तू ठरव. माझ्या नावासाठी स्वतःचा बाप देऊ नकोस."

घरी मी बाबांना आणि आईला एकत्र बसवून सांगितलं. बाबा काही शूर वगैरे नाहीत, साप पकडताना त्यांना घाम फुटतो. "नोकरी जाईल," ते म्हणाले. "खटला होईल. तुरुंगसुद्धा." मग म्हणाले, "तरी सांग. नाहीतर खपलीला कशाला सोडलं मी? बुडवायला?"

आईनं विचारलं, "म्हणजे रविवारी तुम्ही मांजराकडे जात होतात?"

"खवले मांजर," बाबा म्हणाले.

"मला सांगितलं असतंत तर डबा दिला असता," आई म्हणाली, आणि पदर डोळ्याला लावून आत गेली.

सुनावणी तालुक्याच्या सभागृहात झाली. व्यासपीठावर अध्यक्ष, एका बाजूला कामेरकर आणि त्यांचे वकील, मागच्या रांगांत निवखोलची माणसं. बाबा शेवटच्या रांगेत, इस्त्रीच्या सदऱ्यात. मॅडम भिंतीशी उभ्या.

मी आधी माझा गुन्हा सांगितला. माणसांचा भाग वाचल्याबद्दल माझं वर्ष रद्द होईल, हे मला माहीत होतं आणि ते रास्तही होतं. मग माझी तक्रार चुकीची होती ते सांगितलं. मग खवले मांजरं मांडली, तिन्ही.

वकील उठले. "मादी बाहेरून आणून सोडलेली आहे. म्हणजे ही हजेरी कृत्रिमच झाली."

"मादी आणलेली आहे," मी म्हटलं. "नर नाही."

"कशावरून?"

"पिल्लाचा बाप देशातल्या एकाही केंद्राच्या नोंदीत नाही. तो कुठून आला ते सांगता येईल असा एकही कागद नाही, साहेब. जंगली म्हणजे तेच."

सभागृहात कुजबूज झाली. अध्यक्षांनी चष्मा काढला. "आणि मादी कोणी सोडली?"

दोन दिवस पाठ केलेलं वाक्य मी म्हटलं.

"महेंद्र मांडवकर यांनी."

"तुमचे कोण?"

"वडील."

"हेही मशीननं सांगितलं?"

"मशीननं ते तिथे होते एवढंच सांगितलं. का होते, ते मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं."

बाबा उभे राहिले. इस्त्रीचा सदरा घामानं भिजला होता. अध्यक्ष म्हणाले, "कायद्यानं संरक्षित प्राणी आपण एकट्याच्या मर्जीनं परस्पर सोडलात, मांडवकर?"

तेवढ्यात मागून रमाकांत गुरव उठले. कुणाची परवानगी न घेता दोन्ही हात जोडून, डोळे मिटून, देवळात लावतात तसा आवाज त्यांनी लावला.

"बा देवा म्हाराजा! माये सोमजाई! ह्या महेंदरानं तुझ्या पायाशी जित्राब आणलान..."

"व्हय म्हाराजा!" मागच्या रांगा.

"...ते त्यानं सोडलान न्हाय, आमी समद्यांनी सोडलाव..."

"व्हय म्हाराजा!"

"...काय चूक झाली आसंल ती गावाच्या पदरात घाल, एकल्या लेकराच्या नको..."

"व्हय म्हाराजा!"

त्यात आईचाही आवाज होता. अध्यक्ष हातोडा आपटत राहिले, कामेरकर उठून उभे राहिले, आणि भिंतीशी मॅडम तोंडावर हात धरून हसत होत्या की रडत होत्या ते मला कळलं नाही.

हजेरी ग्राह्य धरली गेली. तलाव पलीकडच्या उघड्या कातळावर सरकला. मॅडमनी पुस्तकाची नवी आवृत्ती काढायला घेतली आहे. माझं वर्ष गेलं, पुढच्या वर्षी पुन्हा प्लेसमेंट. बाबा निलंबित आहेत, खटला उभा राहतोय. फिर्यादीत एकच नाव आहे, पण जबाब द्यायला सगळा गाव तयार असल्यामुळे पोलीस वैतागले आहेत. दर रविवारी बाबा राईत जातात. आता आई बरोबर असते, डबा घेऊन.

काल संग्रहात भरायची शेवटची नोंद माझ्याकडे आली. पिल्लाची माहिती: स्थळ, आई, बाप. आईपुढे खपली लिहिलं. बापापुढे लिहिलं, माहीत नाही. एक बाप कुणालाच माहीत नव्हता म्हणून राई वाचली. दुसरा, माझा, मला माहीत आहे असं वाटत होतं.